मुंबई लोकलच्या फेऱ्या वाढवणं इतकं अवघड का आहे? रेल्वेची क्षमता नेमकी कशी वाढते?

सकाळचे ८:२० झालेत. तुम्ही डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उभे आहात. अॅपमध्ये पाहिलं तर आधीची गाडी लेट आणि तिच्या मागची गाडी तिला अगदी चिकटून येतेय. पहिल्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही. शेजारचे काका नेहमीचं वाक्य बोलतात, "अहो, दोन गाड्या जास्त सोडायला यांचं काय जातं?"

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र साधं नाही. गाडी विकत घेणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. ती गाडी रुळांवर कुठे घालायची, तिला वीज कुठून द्यायची, तिच्या पुढे-मागे किती अंतर ठेवायचं आणि ती शेवटच्या स्टेशनवर उलटी कधी फिरवायची, ही खरी डोकेदुखी आहे. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हरवर लोड वाढला की आम्ही जे प्रश्न विचारतो, जवळपास तेच प्रश्न इथेही पडतात. आज आपण मुंबई लोकलची क्षमता आतापर्यंत कशी वाढत गेली, आता ती कुठे अडली आहे आणि पुढे काय होऊ शकतं ते सोप्या भाषेत पाहू.

मुंबई लोकल: थोडक्यात ओळख

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. अंतर होतं सुमारे ३४ किलोमीटर, डबे होते १४ आणि प्रवासी साधारण ४००. विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली, तीही हार्बर मार्गाने. म्हणजे आपल्या विजेच्या लोकलने शंभरी ओलांडली आहे.

आज पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते डहाणू रोड, मध्य रेल्वेवर सीएसएमटी ते कसारा आणि खोपोली, त्याशिवाय हार्बर, ट्रान्स-हार्बर आणि उरण असे मार्ग आहेत. सगळ्या मिळून दिवसाला ३,००० पेक्षा जास्त फेऱ्या होतात आणि साधारण ७० ते ७५ लाख प्रवास होतात. पीक अवरला डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. रेल्वेच्या भाषेत या गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं खास नाव आहे. घरातली एक चौरस मीटरची फरशी डोळ्यांसमोर आणा आणि तिच्यावर १५ जण उभे करून बघा, म्हणजे हे नाव का पडलं ते कळेल.

वेग वेगळा आणि क्षमता वेगळी

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. गाडी जोरात पळवली की गर्दी कमी होईल असं वाटतं. इंटरनेटचंच उदाहरण घ्या. एक मेसेज पोहोचायला किती वेळ लागतो ही एक गोष्ट आणि एका सेकंदात एकूण किती डेटा जातो ही दुसरी. पहिल्याला लेटन्सी म्हणतात, दुसऱ्याला थ्रूपुट. 'मला कल्याणहून सीएसएमटीला किती वेळ लागतो' ही लेटन्सी आणि 'एका तासात या रुळावरून किती माणसं जातात' हे थ्रूपुट. गर्दीचा प्रश्न थ्रूपुटचा आहे.

त्याचा हिशेब सोपा आहे:

तासाची क्षमता = तासातल्या गाड्या × एका गाडीचे डबे × एका डब्यातली माणसं

डब्यातली माणसं आता आणखी वाढवता येणार नाहीत, उलट ती कमी करायची आहेत. म्हणून राहतात दोनच गोष्टी: गाड्या आणि डबे. दोन गाड्यांमध्ये किमान जेवढा वेळ ठेवावा लागतो त्याला 'हेडवे' म्हणतात. मुंबईत तो साधारण ३ मिनिटं, म्हणजे १८० सेकंद धरतात. यावरून आकडे मांडू:

- हेडवे १८० सेकंद, १२ डबे: तासाला २० गाड्या, २४० डबे
- हेडवे १८० सेकंद, १५ डबे: तासाला २० गाड्या, ३०० डबे
- हेडवे १५० सेकंद, १५ डबे: तासाला २४ गाड्या, ३६० डबे
- हेडवे १२० सेकंद, १५ डबे: तासाला ३० गाड्या, ४५० डबे

हे एका रुळाचं, एका दिशेचं, कागदावरचं गणित आहे. पहिली आणि शेवटची ओळ पाहा. रूळ तोच आणि वेगही तोच, तरी क्षमता जवळपास दुप्पट. मग हे उद्याच का करत नाहीत? कारण या यादीतल्या प्रत्येक पायरीवर एक नवीन अडथळा उभा आहे. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही त्याला बॉटलनेक म्हणतो. एक मोकळा केला की लगेच दुसरा समोर येतो.

पायरी १: गाडी लांब करा

पहिला आणि सगळ्यात समजण्यासारखा उपाय म्हणजे डबे वाढवणं. लोकल आधी ९ डब्यांच्या होत्या. १९८० च्या दशकात १२ डब्यांच्या गाड्या आल्या. पश्चिम रेल्वेवर नोव्हेंबर २००९ मध्ये १५ डब्यांची गाडी सुरू झाली, मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये. हार्बरला मात्र ९ वरून १२ वर यायला २०१६ उजाडलं.

एवढा उशीर का? कारण लांब गाडीला लांब प्लॅटफॉर्म लागतो. एक डबा साधारण २१ मीटरचा. म्हणजे १२ डब्यांची गाडी सुमारे २६० मीटर आणि १५ डब्यांची सुमारे ३२५ मीटर लांब. हा ६५ मीटरचा फरक वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर काढावा लागतो. कुठे प्लॅटफॉर्मच्या टोकाला सिग्नल असतो, कुठे पूल, कुठे रुळांचा सांधा, तर कुठे थेट लोकांची घरं. एका स्टेशनवर जरी प्लॅटफॉर्म अपुरा असला तरी १५ डब्यांची गाडी तिथे नीट थांबू शकत नाही. हार्बरच्या वेळी सीएसएमटीचे हार्बरचे प्लॅटफॉर्म वाढवायला फेब्रुवारी २०१६ मध्ये मोठा मेगाब्लॉक घ्यावा लागला होता. स्लो मार्गावर थांबे जास्त, म्हणून काम आणखी जास्त. पश्चिम रेल्वेने अंधेरी ते विरार स्लो मार्गावर १५ डब्यांच्या गाड्या सुरू केल्या त्या जून २०२१ मध्ये, म्हणजे पहिल्या १५ डब्यांच्या गाडीनंतर जवळजवळ १२ वर्षांनी.

पायरी २: वीज बदला

डबे वाढले, वजन वाढलं, आता जास्त ताकद हवी. इथे दुसरा बॉटलनेक लागतो, तो म्हणजे ओव्हरहेड वायरमधली वीज.

१९२५ पासून मुंबईत १,५०० व्होल्ट डीसी वीज होती. देशात बाकी बहुतेक ठिकाणी २५,००० व्होल्ट एसी आहे. (इथे एसी म्हणजे गारेगार लोकल नव्हे, विजेचा प्रकार!) फरक समजायला शाळेतलं सूत्र पुरे: पॉवर = व्होल्टेज × करंट. समजा गाडीला ३,००० किलोवॉट हवेत. १,५०० व्होल्टवर त्यासाठी २,००० अँपिअर करंट लागेल. २५,००० व्होल्टवर तेच काम १२० अँपिअरमध्ये होईल.

तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. करंट साधारण १७ पट जास्त, तर त्याच तारेतला तोटा जवळपास २८० पट जास्त. म्हणून डीसीमध्ये दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागतं आणि एकाच पट्ट्यात एकदम जास्त गाड्या सुटल्या की व्होल्टेज खाली बसतं. उन्हाळ्यात सगळ्यांनी एकदम एसी लावल्यावर घरातला दिवा मंद होतो, तसंच. म्हणजे जास्त गाड्या आणि लांब गाड्या ही दोन्ही स्वप्नं विजेपाशी अडत होती.

हे बदलणं म्हणजे चालत्या सर्व्हरचा डेटाबेस बदलण्यासारखं काम होतं. गाड्या बंद ठेवता येत नव्हत्या. त्यामुळे मधली काही वर्षं दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या वापरल्या गेल्या आणि टप्प्याटप्प्याने पट्टे बदलत गेले. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये पूर्ण झालं. मध्य रेल्वेची मुख्य लाइन २०१५ मध्ये आणि हार्बर एप्रिल २०१६ मध्ये बदलली. २५,००० व्होल्टच्या तारेभोवती जास्त मोकळी जागा सोडावी लागते आणि मध्य रेल्वेवर जुने, बुटके पूल बरेच. सँडहर्स्ट रोडजवळचा ब्रिटिशकालीन हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला गेला, तो याच अडचणींपैकी एक होता.

पायरी ३: गाडी चपळ करा

नवीन वीज आली तशा नवीन गाड्याही आल्या. सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या गाड्या २००७ पासून, तर बंबार्डियरची यंत्रणा असलेल्या २०१५ पासून धावू लागल्या. यांच्यात थ्री-फेज मोटर असते. ब्रेक लावताना हीच मोटर जनरेटरसारखी चालते आणि वीज परत तारेत सोडते. याला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. त्यामुळे साधारण एक तृतीयांश वीज वाचते. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये हीच कल्पना छोट्या प्रमाणावर असते.

पण प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते पिकअप. सीएसएमटी ते कल्याण साधारण ५४ किलोमीटर आहे आणि स्लो गाडीची स्टेशनं सरासरी दोन किलोमीटरवर आहेत. मी कागदावर एक गणित केलं. अंतर २ किलोमीटर, टॉप स्पीड ८० किमी, साधा पिकअप (दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद वाढ) धरला तर एका स्टेशनहून दुसऱ्याला जायला साधारण १२६ सेकंद लागतात. टॉप स्पीड ८० वरून १०० केला तर ११७ सेकंद. आणि टॉप स्पीड ८० च ठेवून फक्त पिकअप ०.८ केला तर ११८ सेकंद.

म्हणजे वेग २० किमीने वाढवून जेवढा फायदा झाला, जवळजवळ तेवढाच नुसता पिकअप सुधारून झाला. कारण स्टेशन जवळजवळ असली की गाडीला टॉप स्पीडवर पळायला वेळच मिळत नाही. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये स्पोर्ट्स बाइकचा १५० चा स्पीड काही कामाचा नसतो, तसंच हे आहे. शिवाय चपळ गाडी स्टेशन लवकर मोकळं करते आणि मागच्या गाडीला लवकर आत येता येतं. इथे लेटन्सी आणि थ्रूपुट दोन्ही थोडे थोडे सुधारतात.

पायरी ४: रूळ वेगळे करा

लोकलच्या रुळांवर फक्त लोकल धावत नाहीत. बाहेरगावच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही तिथेच येतात. पुण्याहून किंवा नाशिकहून येणारी गाडी उशिरा आली आणि फास्ट लोकलच्या मार्गात घुसली, की तिच्या मागच्या चार लोकलचं वेळापत्रक कोलमडतं. उपाय एकच: दोघांना वेगळे रूळ द्या.

मध्य रेल्वेवर ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्याबरोबर ३६ नव्या फेऱ्या वाढल्या. सीएसएमटी ते कुर्ला हा भाग मात्र मागे राहिला. पश्चिम रेल्वेवर खार ते गोरेगाव सहावी मार्गिका नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. मुंबईसारख्या शहरात दोन जादा रूळ टाकायचे म्हणजे जमीन, घरं, झोपड्यांचं पुनर्वसन, पूल, नाले सगळं हलवायचं. म्हणून या कामांचा हिशेब महिन्यांत होत नाही, दशकांत होतो. ही कामं करण्यासाठी १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन ही वेगळी कंपनी स्थापन झाली. तिच्या प्रकल्पांचं नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल: एमयूटीपी.

रेल्वे फाटक हाही असाच एक अडथळा. दिव्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी फाटक उघडलं की तेवढा वेळ लोकल सिग्नलला थांबतात. हेडवेच १८० सेकंदांचा असेल तर फाटक दोन मिनिटं जास्त उघडं राहिल्याचा धक्का मागे कितीतरी गाड्यांना बसतो.

पायरी ५: सिग्नल हुशार करा

आता मुख्य मुद्दा. हेडवे १८० सेकंदच का?

सध्याच्या पद्धतीत रुळांचे ठरावीक लांबीचे तुकडे केलेले असतात. एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. मागच्या गाडीला सिग्नलमधून कळतं: लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल असू शकतो, दोन पिवळे म्हणजे आणखी पुढे सावध राहा, हिरवा म्हणजे मोकळं. ही पद्धत सुरक्षित आहे, पण पुढची गाडी तुकड्यात नेमकी कुठे आहे हे तिला माहीत नसतं. गाडी तुकड्यातून बाहेर पडायला फक्त दहा मीटर उरले असले तरी अख्खा तुकडा 'भरलेला' धरला जातो.

याऐवजी प्रत्येक गाडीने आपली जागा आणि वेग रेडिओवरून सतत कळवला तर? मग मागच्या गाडीला पुढच्या गाडीच्या शेपटीपर्यंतचं खरं अंतर कळतं आणि ब्रेक लावून थांबायला लागेल तेवढंच अंतर, त्यात सुरक्षेची थोडी भर, ठेवून ती मागे येऊ शकते. ८० च्या वेगाने येणाऱ्या गाडीला थांबायला साधारण ३०० मीटर पुरतात. या तंत्राला सीबीटीसी म्हणतात. दिल्ली मेट्रोच्या मजेंटा लाइनवर याच तंत्राच्या जोरावर डिसेंबर २०२० पासून ड्रायव्हरशिवाय गाड्या धावतात.

लोकलसाठी सीबीटीसी २०१९ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी-३अ मध्ये होतं. पुढे रेल्वे मंत्रालयाने आपल्याच 'कवच' यंत्रणेची ५.० ही आवृत्ती मुंबईसाठी तयार करण्याची घोषणा केली. लक्ष्य आहे हेडवे १८० सेकंदांवरून १२० सेकंदांकडे नेण्याचं. लक्षात ठेवा, कवचचं मूळ काम टक्कर टाळणं आहे: मोटरमनने लाल सिग्नल ओलांडला तर गाडी आपोआप थांबवणं. त्यातूनच गाड्या जवळ आणणं हे पुढचं आणि जास्त अवघड काम आहे. मेट्रोच्या मार्गावर एकाच प्रकारच्या गाड्या असतात. इथे जुनी लोकल, नवी लोकल, एक्स्प्रेस आणि मालगाडी अशी सगळी भेळ आहे.

पायरी ६: दरवाजा आणि प्लॅटफॉर्म

समजा सिग्नल हुशार झाले. तरी गाडी स्टेशनवर थांबणारच. आणि इथे सेकंदांची किंमत कळते. दादरला गाडी ३० ऐवजी ४५ सेकंद थांबली तर हेडवे १८० चा १९५ होतो. तासाला २० गाड्यांऐवजी साडेअठरा. फक्त १५ सेकंदांत तासाची दीड गाडी गेली!

आता अॅपवर 'एक लेट, दुसरी तिला चिकटून' असं का दिसतं तेही कळेल. समजा प्लॅटफॉर्मवर मिनिटाला १०० माणसं येतात. गाड्या ३ मिनिटांनी असतील तर प्रत्येकीला ३०० जण मिळतील. एक गाडी २ मिनिटं लेट झाली, तर तिच्यासाठी ५०० जण उभे. ते चढायला जास्त वेळ लागतो, ती आणखी लेट होते, पुढच्या स्टेशनवर आणखी गर्दी. मागची गाडी मात्र वेळेवर आहे, तिच्या वाट्याला फक्त १०० जण. ती पटापट पुढे येऊन पहिलीला गाठते. म्हणून लेट गाडी खचाखच भरलेली असते आणि तिच्या मागची बऱ्यापैकी रिकामी. ही माहिती रोज उपयोगी पडणारी आहे, बरं का.

एसी लोकल पहिल्यांदा २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावली. दरवाजे आपोआप बंद होतात, कोणी लटकू शकत नाही. पण कोणाची बॅग अडकली, कोणी दारात अडून बसलं, की दरवाजा बंद होत नाही आणि गाडी हलत नाही. तिकीटही महाग होतं. मे २०२२ मध्ये एसी लोकलचं सिंगल तिकीट ५० टक्क्यांपर्यंत स्वस्त झालं आणि गर्दी वाढली.

दरवाजाचा विषय फक्त वेळेचा नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात काही जणांचा जीव गेला. त्यानंतर रेल्वेने बिगर-एसी लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे देण्याचं जाहीर केलं. मग दार बंद झाल्यावर आत जीव गुदमरणार नाही का? म्हणून आराखड्यात तीन बदल आहेत: हवा येईल अशा फटी असलेले दरवाजे, छतावरून ताजी हवा आत सोडणारी यंत्रणा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल असा जोडमार्ग, म्हणजे गर्दी सगळीकडे पसरेल.

आणि गाडीतून उतरलेली माणसं जाणार कुठे? २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. त्या स्टेशनचं नाव आज प्रभादेवी आहे. गाड्या वाढवल्या पण जिने तेवढेच ठेवले, तर गर्दी डब्यातून पुलावर जाते एवढंच. म्हणूनच ठाण्याचा ५ क्रमांकाचा प्लॅटफॉर्म रुंद करायला जून २०२४ च्या सुरुवातीला तब्बल ६३ तासांचा मेगाब्लॉक घेतला गेला. दोन-तीन मीटर रुंदी हा सुद्धा क्षमतेचाच भाग आहे.

पायरी ७: गाडी उलटी फिरवा

शेवटचा बॉटलनेक कोणाच्या लक्षात येत नाही. सीएसएमटी आणि चर्चगेटला रूळ संपतात. गाडी आली की लोक उतरतात, चढतात, मोटरमन आणि गार्ड (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) टोकं बदलतात आणि गाडी उलटी निघते. समजा एका मार्गिकेसाठी दोन प्लॅटफॉर्म आहेत. हेडवे ३ मिनिटं असेल तर प्रत्येक गाडीला प्लॅटफॉर्म जास्तीत जास्त ६ मिनिटं मिळतो. हेडवे २ मिनिटं केला की फक्त ४. त्यात आत येणं, थांबणं, बाहेर पडणं सगळं आलं. म्हणून मधूनच गाड्या फिरवता याव्यात अशी टर्मिनस बांधली जातात. मार्च २०१९ मध्ये सुरू झालेलं परळ टर्मिनस हे त्याचंच उदाहरण.

मोबाइल काय करू शकतो?

मोबाइल रूळ वाढवू शकत नाही, पण रांग कमी करू शकतो. २०१५ पासून यूटीएस अॅपवर पेपरलेस तिकीट मिळू लागलं आणि खिडकीपुढची रांग हा बॉटलनेक बराच सुटला. जुलै २०२५ मध्ये रेल्वेने तिकीट आणि इतर सेवा एकत्र करणारं रेलवन अॅप आणलं. गाडी कुठे आहे ते पाहायला मध्य रेल्वेचं 'यात्री' अॅप आहे, ते गाडीवर बसवलेल्या जीपीएसवर चालतं. एम-इंडिकेटर तर आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असतंच.

दुसरा उपाय आमच्या क्षेत्रातला ओळखीचा: लोड पसरवणं. सगळ्यांनी एकाच वेळी लॉगिन केलं की सर्व्हर पडतो. ऑफिसच्या वेळा मागे-पुढे करा, असं आवाहन मध्य रेल्वेने कार्यालयांना केलं ते याचसाठी. यात ना रूळ लागतो, ना सिग्नल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डबल डेकर लोकल का नाही?
माणसं जास्त मावतील, पण जिन्याने उतरायला वेळ लागेल. दादरला ३० सेकंदांत वरचा मजला रिकामा होणार नाही. थांबा लांबला की हेडवे वाढतो आणि मिळवलेलं गमावून बसतो.

दर रविवारी मेगाब्लॉक कशाला?
शेवटची गाडी रात्री एकच्या सुमाराला, पहिली पहाटे चारच्या सुमाराला. मध्ये जेमतेम तीन तास. तेवढ्यात रूळ, तारा आणि सिग्नलची सगळी कामं होत नाहीत. ब्लॉक घेतला नाही तर ते काम सोमवारी सकाळी बिघाड होऊन समोर येतं.

मेट्रो आली की लोकल रिकामी होईल का?
काही पट्ट्यांत दिलासा मिळतो. पण लांबच्या प्रवासाला, कल्याण-कसारा किंवा विरार-डहाणूसाठी, लोकलला पर्याय नाही. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

थोडक्यात

"दोन गाड्या जास्त सोडा" या एका वाक्यात प्लॅटफॉर्म, वीज, पिकअप, रूळ, सिग्नल, दरवाजे, जिने आणि शेवटचं स्टेशन एवढं सगळं दडलेलं आहे. यातली सगळ्यात कमजोर कडी जेवढी, तेवढीच लोकलची क्षमता. म्हणून पुढच्या वेळी 'नवीन १०० गाड्या येणार' अशी बातमी वाचली की एक प्रश्न जरूर विचारा: त्या धावणार कुठल्या रुळावर आणि किती सेकंदांच्या अंतराने?

आणि तोपर्यंत? खचाखच भरलेली लेट गाडी समोर आली तर अॅपमध्ये मागची गाडी पाहा. ती बहुतेक दोन मिनिटांवर असेल आणि तिच्यात जागाही असेल. दारात लटकून वाचवलेली दोन मिनिटं ऑफिसात कोणाच्या लक्षातही येत नाहीत. घरी मात्र तुमची वाट पाहणारं कोणीतरी असतं.